‘सिल्व्हर घोस्ट’ : एका मोटारीचा व तिच्या कुळाचा इतिहास

पूर्वजांनी मिळविलेले द्रव्य राखणे कठीण, त्यांची कीर्ती राखणे त्याहून कठीण, आणि त्यांच्या हातचे कसब राखणे तर सर्वांत कठीण होय. द्रव्य पेढीत ठेवता येते, कीर्ती वंशावळीत लिहून ठेवता येते. कसब मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच टिकते. प्रस्तुत लेखात ज्या वस्तूची हकीकत सांगावयाची आहे ती परदेशची आहे, श्रीमंती थाटाची आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिचे चित्रच काय ते पाहिले असेल. तथापि ती कोणी घडविली, कशी घडविली आणि शंभराहून अधिक वर्षे ती कशी टिकली हे पाहू गेल्यास आपल्या घरच्या विचारासही पुष्कळ खाद्य मिळेल, या हेतूने हा विषय वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

ती वस्तू म्हणजे १९०७ साली इंग्लंडात तयार झालेली ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाची मोटारगाडी. तिच्या सांगाड्याचा क्रमांक ६०५५१ आणि नोंदणीचा क्रमांक एएक्स २०१ असा आहे. पुढे हेच नाव त्या जातीच्या सर्वच गाड्यांस लोकांनी देऊन टाकले. परंतु मूळची ‘सिल्व्हर घोस्ट’ ही एकच. तिला घडविणारी रोल्स-रॉइस कंपनी आज जगात सर्वतोमुखी आहे. एखाद्या वस्तूची उत्तमता सांगताना ‘ही तर यातली रोल्स-रॉइस’ असे आपल्याकडेही सहज म्हटले जाते. या म्हणण्यामागे काय आहे, ते आता क्रमाने पाहू.

गिरणीवाल्याचा मुलगा

फ्रेडरिक हेन्री रॉइस याचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडातील पीटरबरो शहराजवळील अल्वॉल्टन या खेड्यात झाला. बाप पिठाच्या गिरणीचा धंदा करीत असे. तो धंदा बुडाला, कुटुंब पोट भरण्यासाठी लंडनला आले, आणि १८७२ साली बापाने डोळे मिटले. त्या वेळी मुलाचे वय अवघे नऊ वर्षांचे. या पोराने लंडनच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचविण्याचे काम केले. शाळेचे शिक्षण म्हणावे तर ते नावापुरतेच झाले.

१८७८ च्या सुमारास घरच्या एका वडीलधाऱ्या स्त्रीने पैशाची मदत केली, तेव्हा पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात त्याला उमेदवारी मिळाली. तेथे कानस, लेथ व हातोडी यांच्याशी त्याची मैत्री जमली. परंतु तीन वर्षांनी मदतीचा झरा आटला आणि उमेदवारी अर्ध्यावरच सोडावी लागली. पुढे लीड्स येथे हत्यारे बनविण्याच्या कारखान्यात, नंतर लंडन व लिव्हरपूल येथे विजेच्या दिव्यांच्या कंपनीत त्याने नोकरी केली. दिवसा काम आणि रात्री विजेचा अभ्यास, असा हा क्रम होता.

१८८४ साली मँचेस्टर येथील कुक स्ट्रीटवर त्याने अर्नेस्ट क्लेअरमाँट याच्या भागीदारीत स्वतःचा लहानसा कारखाना काढला. रॉइसचे भांडवल वीस पौंड, क्लेअरमाँटचे पन्नास. आरंभी विजेच्या घंटा, दिव्यांचे सामान अशा किरकोळ वस्तू तेथे होत. पुढे डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या याऱ्या यांमुळे कारखान्याचे नाव झाले. रॉइस कामात इतका बुडून जाई की त्याला जेवणाचे भान राहत नसे, आणि मग कारखान्यातील पोरगा दुधाचा पेला घेऊन त्याच्या मागे मागे हिंडे, असे त्याच्याविषयी सांगतात.

या शतकाच्या मागील शतकारंभी रॉइसने देकोविल नावाची एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. गाडी तशी वाईट नव्हती. पण तिचा खडखडाट, तिची चालू होण्याची कुरकुर आणि तिच्यातील बारीकसारीक ढिलाई या माणसाला सहन होईना. दुसरा कोणी असता तर त्याने ती विकून टाकली असती. रॉइसने ती उकलली, तिचा प्रत्येक भाग पारखला, आणि याहून चांगली गाडी आपणच करावी असे ठरविले. एरिक प्लॅटफर्ड व टॉम हॉल्डनबी या दोन उमेदवार मुलांना हाताशी धरून त्याने काम आरंभिले. १ एप्रिल १९०४ रोजी दहा अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची पहिली रॉइस गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली आणि सुमारे पंधरा मैलांवरील नट्सफर्ड येथे त्याच्या घरापर्यंत सुखरूप धावली. अशा तीन गाड्या त्याने केल्या. नव्या इंजिनाची जात त्यात नव्हती. परिचित असलेलीच रचना, पण प्रत्येक जोड नीट बसविलेला आणि प्रत्येक भाग तोलून घेतलेला, एवढेच तिचे वैशिष्ट्य.

उमरावाचा पुत्र आणि तिसरा माणूस

चार्ल्स स्ट्यूअर्ट रोल्स याची कुंडली याच्या अगदी उलट. त्याचा जन्म २७ ऑगस्ट १८७७ रोजी लंडनच्या बर्कली स्क्वेअरमध्ये झाला. बाप पुढे लॉर्ड लँगटॉक झाला. वेल्सच्या सीमेवर मन्मथजवळ त्यांची मोठी जहागीर होती. ईटन आणि केंब्रिज येथे त्याचे शिक्षण झाले व यंत्रशास्त्रात त्याने पदवी मिळविली. सायकलींच्या शर्यती, मोटारी, बलून, आणि शेवटी विमाने, असा त्याच्या छंदांचा चढता आलेख होता. १९०२ च्या सुमारास त्याने लंडनात परदेशी मोटारी विकण्याची पेढी काढली. मात्र विकावयास घ्याव्यात त्या सर्व उत्तम गाड्या फ्रान्स-बेल्जममधून याव्यात, आपल्या देशात तशी एकही होऊ नये, हे शल्य त्याला होते.

हेन्री एडमंड्स हा दोघांच्याही ओळखीचा गृहस्थ. त्याच्या मध्यस्थीने ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची भेट झाली. वास्तविक दोन सिलिंडरांच्या गाड्यांविषयी रोल्सचे मत फारसे चांगले नव्हते, कारण त्या फार हादरतात असा त्याचा अनुभव होता. परंतु रॉइसच्या गाडीत बसताच त्याचा ग्रह बदलला. रॉइस जेवढ्या गाड्या करील तेवढ्या सर्व रोल्सने विकाव्या आणि गाड्यांवर दोघांचीही नावे असावीत, असा करार २३ डिसेंबर १९०४ रोजी झाला. १५ मार्च १९०६ रोजी रोल्स-रॉइस लिमिटेड ही कंपनी नोंदविली गेली. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील ‘टूरिस्ट ट्रॉफी’ची शर्यत रोल्सने स्वतः गाडी हाकून जिंकली.

या दोन नावांच्या तेजात एक तिसरे नाव झाकले गेले आहे. ते क्लॉड जॉन्सन याचे. हा ग्रेट ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबचा पहिला चिटणीस. पुढे रोल्सच्या पेढीत भागीदार. रॉइसला यंत्र कळे, रोल्सला वेग कळे, आणि जॉन्सनला माणूस कळे. कंपनीने अनेक तऱ्हेच्या गाड्या करण्याचा हव्यास सोडून एकच उत्तम गाडी करावी, हा निर्णय १९०८ साली त्याच्याच आग्रहावरून झाला. आणि आपला विषय असलेली रुपेरी गाडीही त्याच्याच कल्पनेतून अवतरली.

गाडीची घडण

सहा सिलिंडरांचे इंजिन ही त्या काळची एक अवघड समस्या होती. सहा दट्ट्यांच्या आळीपाळीने होणाऱ्या धक्क्यांमुळे लांबलचक क्रँकशाफ्टला पीळ पडे, ती थरथरू लागे आणि कधी कधी तुटूनही जाई. रोल्स-रॉइसच्या आधीच्या तीस अश्वशक्तीच्या गाडीलाही या व्याधीने ग्रासले होते. रॉइसने या दोषाचे मूळ शोधून काढले. नव्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाडीत त्याने सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन संचांत, एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे मांडले. क्रँकशाफ्ट जाड केली, तिला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि तिच्या पोटातून दाबाखाली वंगणाचे तेल सर्वत्र पोहोचेल अशी योजना केली. इंजिनाची धारकता ७,०३६ घन सेंटिमीटर, म्हणजे सात लिटरांहून थोडी अधिक होती, तरी त्यातून सुमारे ४८ अश्वशक्तीच घेतली जाई. आजच्या लहानशा गाडीचे इंजिनही त्याहून अधिक बळ देते. परंतु यंत्राकडून त्याच्या ताकदीच्या मानाने कमी काम घेतले की ते दीर्घायुषी होते, हे तत्त्व रॉइसने पक्के ओळखले होते.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी दोन-दोन प्लग होते व त्यांना वीज पुरविणाऱ्या दोन स्वतंत्र योजना होत्या. एक निकामी झाली तरी गाडी वाटेत अडू नये. सांगाड्याचे महत्त्वाचे जोड तापलेले रिव्हेट ठोकून न करता निमुळत्या बोल्टांनी, छिद्रे नेमकी घासून, केले जात. गाडीच्या तोंडाशी असलेला रेडिएटर प्राचीन ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा दिसतो. त्याच्या कडा पाहणाऱ्यास सरळ वाटतात. प्रत्यक्षात ग्रीक खांबांप्रमाणेच त्या अगदी किंचित फुगीर ठेवलेल्या असतात, कारण ठार सरळ पृष्ठभाग डोळ्यांना खोलगट भासतो. हे काम कारागीर नुसत्या नजरेच्या अंदाजाने करीत.

त्या काळी कंपनी केवळ इंजिन व सांगाडा विकत असे, आणि वरची पेटी घोडागाड्या बनविणारे नामांकित कारागीर करून देत. सांगाड्याचीच किंमत सुमारे एक हजार पौंड पडे. कंपनीच्या जाहिरातीसाठी जॉन्सनने एक सांगाडा लंडनच्या बार्कर कंपनीकडे पाठविला, त्यावर उघडी, प्रवासी पद्धतीची पेटी बसवून घेतली, ती ॲल्युमिनियमच्या रुपेरी रंगाने रंगविली आणि दिवे-मुठी इत्यादींवर चांदीचा मुलामा देवविला. ‘घोस्ट’ म्हणजे भूत. भुताची पावले ऐकू येत नाहीत, तशी ही गाडी जवळ येऊन ठेपली तरी कानाला पत्ता लागत नाही, हा त्या नावाचा अर्थ.

पंधरा हजार मैलांची कसोटी

नाव ठेवणे सोपे, ते सिद्ध करणे अवघड. मोटार म्हणजे दर दहा-वीस मैलांवर थांबणारी, चालकाला गाडीखाली लोळविणारी चीज, अशीच त्या काळी लोकांची समजूत होती; आणि ती पुष्कळशी खरीही होती. ही समजूत मोडावयाची तर आपल्याच तोंडाने बढाई मारून भागणार नव्हते. म्हणून जॉन्सनने ही गाडी ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षकांच्या स्वाधीन केली.

१९०७ च्या उन्हाळ्यात तिने आधी दोन हजार मैलांची परीक्षा दिली. नंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ रस्त्यांवरील विश्वसनीयतेच्या स्पर्धेत ती उतरली आणि तेथे सुवर्णपदक मिळवून तशीच पुढे लंडन व ग्लासगो या दोन शहरांच्या दरम्यान रात्रंदिवस धावू लागली. केवळ रविवारी तिला विश्रांती असे. सत्तावीस वेळा तिने हा पल्ला गाठला. रोल्स आणि जॉन्सन हे स्वतः आळीपाळीने चालकाच्या जागी बसत. त्यांच्या जोडीला होता एरिक प्लॅटफर्ड, पहिल्या गाडीच्या वेळी रॉइसच्या हाताखाली राबलेला तोच उमेदवार मुलगा.

या संपूर्ण १५,००० मैलांच्या प्रवासात गाडी आपल्या दोषाने एकदाच थांबली. ६२९ मैल झाल्यावर हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली. ती पुन्हा उघडण्यास एक मिनिट लागले. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती एकदाही न अडता धावली. यापूर्वीचा विक्रम ७,०८९ मैलांचा होता. म्हणजे त्याची दुपटीहून अधिक मजल तिने मारली. कसोटी संपल्यावर परीक्षकांनी गाडी संपूर्ण उकलून प्रत्येक भाग मोजला. जे भाग झिजले म्हणून बदलावे लागले त्यांचा खर्च २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स एवढाच आला. अर्वाचीन उद्योगाच्या इतिहासात इतक्या लहान रकमेने इतके मोठे नाव क्वचितच मिळवून दिले असेल.

सह्याद्रीच्या घाटांत

या गाडीच्या एका भगिनीचा आपल्या महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे ‘पूर्वेचे मोती’, हे नाव धारण केलेली त्याच जातीची एक गाडी १९०८ साली मुंबईस आली. मुंबई ते कोल्हापूर व परत अशी सुमारे ६२० मैलांची एक चाचणी त्या वर्षी झाली, तीत ही गाडी उतरली. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांना त्या वाटेची कल्पना निराळी देण्याची जरुरी नाही. आजचे रुंद डांबरी रस्ते व बोगदे तेव्हा नव्हते. खडीचे चढ, धुरळा आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढीच सामग्री होती. सहा घाटांतून ही गाडी न अडता पार झाली व तिने पहिला मान मिळविला. त्या वेळी कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींचा अमल होता.

पुढे ही गाडी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेतली. महाराजांना यंत्रांचा मोठा शोक. त्यांच्या राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांसमोर पदार्थ नेत असे, हे पुष्कळांनी ऐकले असेल. ग्वाल्हेरच्या पाठोपाठ इतर संस्थानिकही या गाड्यांच्या मागे लागले आणि स्वातंत्र्यापूर्वी अशा शेकडो गाड्या हिंदुस्थानात आल्या. सत्याला धरून सांगावयाचे तर या खरेदीचा पैसा रयतेच्या शेतसाऱ्यातून आलेला होता, आणि पुष्कळ ठिकाणी गाडी होती पण धड रस्ता नव्हता. एका संस्थानिकाने कंपनीवर रागावून या गाड्यांना कचरा वाहण्याच्या कामी लावले, अशी एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या चवीने सांगतात. ती कधी अलवारच्या, कधी भरतपूरच्या, कधी आणखी कोणाच्या नावावर खपते. यावरूनच ती इतिहासात न घेता आख्यायिकेत ठेवावी हे उचित. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि कित्येक गाड्या मिळेल त्या किमतीस विकल्या जाऊन देशाबाहेर गेल्या. ज्या राहिल्या त्यांतील काही जाणत्या मिस्त्रींच्या हातांनी जगल्या, तर काही कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या पागेत गंजून गेल्या.

कर्ते पुरुष आणि त्यांचा वारसा

कंपनीची भरभराट झाली तशी मँचेस्टरची जागा अपुरी पडली, आणि ९ जुलै १९०८ रोजी डर्बी येथील नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. परंतु विधात्याने हे त्रिकूट फार काळ एकत्र ठेवले नाही. रोल्सला आता विमानांचा ध्यास लागला होता. २ जून १९१० रोजी इंग्लिश खाडी विमानाने न उतरता जाऊन-येऊन ओलांडण्याचा पराक्रम त्याने केला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, १२ जुलै रोजी बोर्नमथ येथे त्याच्या विमानाचे शेपूट मोडले आणि तो कोसळून मृत्यू पावला. वय अवघे बत्तीस. विमान-अपघातात मृत्यू आलेला तो पहिला ब्रिटिश मनुष्य होय.

इकडे रॉइसच्या शरीराने वर्षानुवर्षांच्या उपासतापासाचा व जागरणाचा सूड उगविला. १९११ पासून तो इतका आजारी झाला की कारखान्यात येणेही त्याला अशक्य झाले. जॉन्सनने त्याला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेऊन ठेवले. पुढील बावीस वर्षे हा मनुष्य कधी तेथून, तर कधी ससेक्समधील वेस्ट विटरिंग या खेड्यातून आराखडे पाठवीत राहिला. पहिल्या महायुद्धात या गाडीच्या सांगाड्यांवर चिलखती गाड्या उभारल्या गेल्या व त्या अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या. रॉइसने विमानाची इंजिनेही निर्माण केली. १९१९ साली ॲल्कॉक व ब्राउन यांनी अटलांटिक महासागर प्रथमच एका दमात उडून ओलांडला, तो त्याच्या दोन ‘ईगल’ इंजिनांच्या बळावर. १९३० साली त्याला सर ही वंशपरंपरेची पदवी मिळाली. २२ एप्रिल १९३३ रोजी तो निवर्तला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे आकाश राखणाऱ्या ‘स्पिटफायर’ व ‘हरिकेन’ विमानांचे ‘मर्लिन’ इंजिन त्याच्याच परंपरेतले.

या परंपरेविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, १९१२ साली एक ‘सिल्व्हर घोस्ट’ आल्प्स पर्वताच्या स्पर्धेत एका खड्या चढणीवर अडली. तीन गिअरांची तिची पेटी त्या चढणीस पुरी पडली नाही. कंपनीने त्या अपयशावर पांघरूण घातले नाही. चार गिअरांची नवी पेटी केली, सांगाड्यात सुधारणा केल्या, आणि १९१३ साली त्याच डोंगरांत आपल्या गाड्या पुन्हा उतरवून मान मिळविला. दुसरी गोष्ट माणसांची. अर्नेस्ट हाइव्ह्ज नावाचा एक तरुण १९०८ साली कंपनीत गाड्यांची परीक्षा घेणारा म्हणून लागला. तोच चढत चढत १९५० साली कंपनीचा अध्यक्ष झाला. ज्याच्या हाताला काळे तेल लागलेले आहे त्याला वरची खुर्ची मिळू शकते, ही खात्री कारागिराला असली म्हणजे कारखान्याची विद्या कारखान्यातच राहते.

गाडीचे उत्तर आयुष्य

आता पुन्हा आपल्या रुपेरी गाडीकडे वळू. ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या साडेसात हजारांहून अधिक गाड्या १९२६ पर्यंत इंग्लंडात व अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे मिळून तयार झाल्या. पण मूळ गाडी कसोटीनंतर कोणत्याही काचेच्या कपाटात बसली नाही. १९०८ साली ती एका गृहस्थास सरळ विकली गेली. त्या घरात ती राबली. युरोप खंडातील दूरदूरच्या प्रवासांना गेली. चाळीस वर्षांनी, १९४८ साली, ती कंपनीकडे परत आली. तेव्हा कंपनीने तिची डागडुजी केली व तिला पुन्हा रस्त्यावर आणले. देशोदेशीच्या प्रदर्शनांना, समारंभांना ती जाऊ लागली. १९९१ च्या सुमारास निष्णात कारागिरांनी तिचा संपूर्ण जीर्णोद्धार केला. तिची एकूण धाव पाच लाख मैलांहून अधिक भरते असे सांगितले जाते. २००५ साली तिचा विमा साडेतीन कोटी अमेरिकन डॉलरांच्या मोलाने उतरविल्याचे प्रसिद्ध झाले.

ती टिकली याचे कारण तिला जपून बाजूला ठेवले हे नव्हे. यंत्र बंद ठेवले की वंगण आटते, चामडे तडकते, झडपा चिकटतात, पेट्रोलच्या टाकीला गंज चढतो. ज्या यंत्राला नियमाने चालविले, तेलपाणी केले, झिजलेला भाग वेळीच बदलला, तेच शंभर वर्षे जगते. आणि बदलता यावा अशाच रीतीने त्याचा प्रत्येक भाग आरंभी घडविलेला असावा लागतो. रॉइसने बोल्ट वापरला. बोल्ट पुन्हा उलगडता येतो.

नाव कोणाचे, घर कोणाचे?

या कथेचा शेवटचा भाग विचार करावयास लावणारा आहे. ज्या कंपनीने इतकी प्रतिष्ठा मिळविली ती ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळ्यात निघाली. मोटारींनी तिला बुडविले नाही. ‘आरबी २११’ नावाच्या नव्या विमान-इंजिनाचा खर्च तिला पेलवला नाही. ब्रिटिश सरकारने विमान-इंजिनांचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. मोटारींची शाखा १९७३ साली निराळी झाली आणि १९८० साली व्हिकर्स कंपनीकडे गेली. १९९८ साली ती पुन्हा विक्रीस निघाली, तेव्हा एक विलक्षण वाटणी झाली. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने क्रू येथील कारखाना, त्यातील कामगार, हत्यारे आणि बेंटली हे नाव घेतले. परंतु ‘रोल्स-रॉइस’ हे नाव मोटारींसाठी वापरण्याचा हक्क विमान-इंजिनांच्या कंपनीकडे होता. तो तिने बीएमडब्ल्यू या दुसऱ्या जर्मन कंपनीला दिला. २००३ पासून त्या नावाच्या गाड्या ससेक्समधील गुडवुड येथे, रॉइसच्या वेस्ट विटरिंगपासून काही मैलांवरच, नव्या कारखान्यात होऊ लागल्या.

म्हणजे नाव एकीकडे गेले, घर दुसरीकडे गेले, आणि विमानाच्या इंजिनाची विद्या डर्बीला तिसरीकडे राहिली. आपल्या रुपेरी गाडीचे काय झाले? ती कारखान्याच्या चीजवस्तूंबरोबर बेंटलीच्या वाट्यास आली. ज्या गाडीने ते नाव जगभर गाजविले, तीच ते नाव गेले त्या घरी गेली नाही. भाऊबंदकीच्या वाटणीत देव एकाकडे, वाडा दुसऱ्याकडे आणि दप्तर तिसऱ्याकडे गेल्याची उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगाचे मर्म विशेष स्पष्ट करून सांगावयास नको.

मग खरा वारस कोणास म्हणावे? नावाचा कागद ज्याच्याजवळ त्याला, की हत्यारे ज्याच्या हातात त्याला? न्यायालयात याचे उत्तर कागदच देतील. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर १९४८ साली ती गाडी ज्या अनाम मिस्त्रींनी उकलली, आणि १९९१ साली ज्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, त्यांच्या बोटांत रॉइसची विद्या जिवंत होती, म्हणूनच गाडी जिवंत राहिली. वेस्ट विटरिंगच्या घरी रॉइसने चुलाणावर एक लॅटिन वचन कोरवून घेतले होते. कोणतेही काम, मग ते कितीही साधे असो, नीट केले म्हणजे थोरच होय, असा त्याचा आशय. गिरणीवाल्याच्या मुलाला हे वचन आवडावे यात नवल नाही.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणाच्या घरी रोल्स-रॉइस असण्याचा संभव थोडा. पण कोणाच्या घरी पन्नास वर्षांचे शिवणयंत्र आहे, कोणाच्या घरी आजोबांची हत्यारांची पेटी आहे, कोणाच्या घरी भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ आहे. बहुतेक ठिकाणी ती वस्तू माळ्यावर आहे, आणि ती चालविणारा, दुरुस्त करणारा हात घरात उरलेला नाही. आपण वंशावळी छापतो, पूर्वजांच्या तसबिरी लावतो, हे योग्यच आहे. त्यासोबत एवढे मात्र करावे : घरात जो वृद्ध अजून ती वस्तू चालवू शकतो, त्याच्याशेजारी एखाद्या मुलाला बसवावे, आणि ती एकदा उकलून पुन्हा जोडून पाहू द्यावी. तेलाचे दोन थेंब आणि एका दुपारचा वेळ, याहून अधिक खर्च त्यास येणार नाही.